आवळ्या-जावळ्यांपैकी नेमकं कोण?

गेल्या अंकातल्या डीएनए पुराव्यावरच्या लेखात मी ओझरतं एक वाक्य लिहिलं होतं: ‘कुठल्याही दोन माणसांचा डीएनए सारखा नसतो, अपवाद फक्त एकरूप जुळ्यांचा.’ त्या अपवादाबद्दल विचारणारी बरीच पत्रं आली. सरकारी प्रयोगशाळेच्या डीएनए विभागात मी १८ वर्षं काम केलं. या एका प्रश्नाने मला तिथे जेवढं अस्वस्थ केलं तेवढं दुसऱ्या कशाने केलं नाही. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे त्यालाच देते आहे.

प्रश्न : माझी दोन मुलं एकरूप जुळी आहेत, अकरावीत शिकतात. त्यांच्या वसतिगृहात चोरी झाली तेव्हा पोलिसांनी सगळ्याच मुलांची चौकशी केली. आमच्या मुलांचा काही संबंध नव्हता, पण तेव्हापासून मनात घोळतंय, की उद्या एकाचं रक्त कुठे सापडलं तर दुसराही अडकेल का? – एक आई, कराड

ताई, तुमची शंका रास्त आहे. नेहमीची डीएनए चाचणी तुमच्या दोन मुलांमध्ये फरक करू शकत नाही. का करू शकत नाही ते नीट सांगते, कारण ते कळलं की भीती बरीच कमी होईल.

आमची चाचणी माणसाचा सगळा डीएनए वाचत नाही. डीएनएची भाषा चार अक्षरांची आणि मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. त्यातल्या वीस-बावीस ठरावीक जागाच आम्ही बघतो. या जागांवर तीच ती चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, जपाच्या माळेसारखी. उदाहरणार्थ, ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर टीएच०१ नावाची जागा आहे. तिथे कुणाला आईकडून ६ आवर्तनं आलेली असतात आणि वडिलांकडून ९, तर कुणाला ७ आणि ८. अशा प्रत्येक जागेचे दोन आकडे मांडले की चाळीसेक आकड्यांची एक पट्टी तयार होते. तिलाच आम्ही प्रोफाइल म्हणतो. परक्या दोन माणसांच्या पट्ट्या अथपासून इतिपर्यंत जुळणं व्यवहारात अशक्यच. सख्ख्या भावांच्या थोड्याफार जुळतात. एकरूप जुळी मात्र एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मलेली, त्यामुळे त्यांची पट्टी अगदी तीच येते. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातले शास्त्रज्ञ अॅलेक जेफ्रीज यांना १९८४च्या सप्टेंबरात डीएनए ठशाचं तंत्र सापडलं, तेव्हापासून हा अपवाद या शास्त्राला ठाऊक आहे.

पोलीस आणि वकील आमच्या अहवालाला ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा (केमिकल अॅनालायझरचा) अहवाल, म्हणतात. त्याच्या शेवटी इंग्रजीत एक ठरलेलं वाक्य यायचं. मराठीत त्याचा अर्थ असा, की मुद्देमालावरच्या रक्ताचं आणि आरोपीच्या रक्ताचं प्रोफाइल तंतोतंत सारखं असून ते एकाच पुरुषाचं आहे. मी हे वाक्य किती वेळा सही करून दिलं त्याची मोजदाद नाही. पण आरोपीला जुळा भाऊ असेल तर त्या वाक्याचा उत्तरार्ध चुकीचा ठरतो. ‘तंतोतंत सारखं’ एवढंच मला दिसलेलं असतं. ‘एकाच पुरुषाचं’ हे माझं अनुमान असतं आणि जुळ्यांच्या बाबतीत ते अनुमान करायचा मला हक्क नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. दोघंही अडकतील का? बर्लिनमध्ये २५ जानेवारी २००९च्या पहाटे काडेवे या भल्यामोठ्या दुकानात दागिन्यांची चोरी झाली. चोर दोराची शिडी लावून आत उतरले होते. मागे राहिलेल्या एका हातमोज्यात घामाचा थेंब सापडला. त्यातून प्रोफाइल निघालं आणि ते पोलिसांच्या नोंदींमधल्या दोन भावांशी जुळलं. ते भाऊ एकरूप जुळे होते. दोघांना अटक झाली, पण काही आठवड्यांतच दोघांनाही सोडून द्यावं लागलं. दोघांपैकी किमान एकाचा हात गुन्ह्यात असावा असं न्यायालयाला वाटत होतं, पण कोणाचा ते सांगता येईना. ‘दोघांपैकी कोणीतरी’ हा काही आरोप होऊ शकत नाही. न्यायालयासमोर एक माणूस उभा करावा लागतो, त्याच्या नावासकट.

मलेशियातला खटला तर याहून कठीण होता. २००३मध्ये तिथे अमली पदार्थांच्या मोठ्या साठ्यासह एका तरुणाला पकडलं. थोड्या वेळाने त्याचा जुळा भाऊ त्याच ठिकाणी आला, तोही पकडला गेला. पुढे न्यायालयात प्रश्न असा पडला, की या दोघांतला आधी पकडलेला कोण? त्या गुन्ह्याला तिथे फाशीच होती. २००९मध्ये क्वालालंपूरच्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश बाईंनी दोघांनाही मुक्त केलं. चुकीच्या माणसाला फासावर पाठवता येणार नाही असं त्या म्हणाल्या. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं.

तेव्हा ताई, केवळ डीएनएवरून तुमच्या दोघांपैकी एकालाही शिक्षा होऊ शकत नाही. मात्र प्रयोगशाळेला आणि तपासी अंमलदाराला जुळा भाऊ असल्याचं माहीत असलं पाहिजे. कधी प्रसंग आलाच तर पहिल्याच जबाबात ते सांगा आणि लिहून घ्यायला लावा.

प्रश्न : दोघं एकाच पेशीतून आले, तर फरक येतो कुठून? आणि फरक असेल तर आपल्याकडे तो का शोधत नाहीत? – कायद्याचा विद्यार्थी, लातूर

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या आजोळापासून सुरू करते. माझ्या दोन मावश्या आवळ्या-जावळ्या होत्या. ओळखू यावं म्हणून आजीने थोरलीच्या पायात काळा दोरा बांधला होता. एकदा अंघोळीच्या वेळी तो सुटला आणि पाण्याबरोबर वाहून गेला. कोण थोरली आणि कोण धाकटी हे त्या दिवशी आजीने अंदाजाने ठरवलं. तो अंदाज बरोबर होता का, ही रुखरुख तिला शेवटपर्यंत होती. पुढच्याच आठवड्यात तिने गोंदणारणीला बोलावलं आणि थोरलीच्या मनगटावर तीन ठिपके काढून घेतले. दोरा सुटू शकतो, गोंदण पुसलं जात नाही.

डीएनएमध्येही असंच गोंदण होतं, फक्त ते कोणी मुद्दाम काढत नाही. पेशी दुभंगताना ३०० कोटी अक्षरांची नक्कल करावी लागते. नक्कल फार काटेकोर असते, तरी एखादं अक्षर चुकतंच. फलित बीजाचे दोन गर्भ झाल्यानंतर एका गर्भात अशी चूक झाली, तर ती त्याच्यापुरतीच राहते. गोंदण जागच्या जागी असतं, पण ही चूक त्या पेशीपासून पुढे झालेल्या प्रत्येक पेशीत उतरते. म्हणजे ती जितकी लवकर झाली तितकी शरीरभर पसरते, अगदी शुक्रपेशींतही. उशिरा झाली तर एखाद्याच अवयवात किंवा कातडीच्या एखाद्या तुकड्यात सापडते.

अशा चुका नेमक्या किती असतात, याचं मोठं मोजमाप आइसलँडमध्ये झालं. तिथल्या डीकोड संस्थेने एकरूप जुळ्यांच्या ३८१ जोड्या तपासून जानेवारी २०२१मध्ये निष्कर्ष छापले. गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीला झालेले सरासरी ५.२ बदल दोन जुळ्यांमध्ये वेगळे आढळले. साधारण १५ टक्के जोड्यांत तर एकाच जुळ्याच्या अंगात असे बरेच बदल होते आणि दुसऱ्यात त्यांचा मागमूस नव्हता. काही जोड्यांत मात्र काहीच फरक सापडला नाही. तुम्ही कायदा शिकता, म्हणून हे शेवटचं वाक्य विशेष लक्षात ठेवा. ‘शोधलं की सापडतंच’ असं कोणी तज्ज्ञ न्यायालयात म्हणाला, तर त्याची उलटतपासणी इथूनच सुरू करा.

आता आकड्यांची तुलना करून बघा. ३०० कोटी अक्षरांत फरक पाच-सहा ठिकाणी आणि आमची नेहमीची चाचणी बघते फार तर काही हजार अक्षरं. आमच्या ठरलेल्या जागांवर तो फरक पडण्याची शक्यता जवळजवळ शून्य. फरक शोधायचा तर दोघांचा सगळाच्या सगळा डीएनए वाचायला हवा. आणि एकदा वाचून भागत नाही. यंत्राच्या स्वतःच्या वाचनचुका या पाच-सहा खऱ्या फरकांपेक्षा कितीतरी जास्त असतात, म्हणून प्रत्येक जागा डझनावारी वेळा वाचावी लागते. जर्मनीतल्या युरोफिन्स कंपनीच्या शास्त्रज्ञांनी हे २०१४मध्ये करून दाखवलं. एका जुळ्या जोडीतल्या दोन्ही भावांचं वीर्य आणि त्यांच्यापैकी एकाच्या मुलाचं रक्त त्यांनी वाचलं. पाच अक्षरं अशी सापडली जी बापात होती आणि मुलातही होती, काकात मात्र नव्हती. मग दुसऱ्या, जुन्या आणि भरवशाच्या पद्धतीने ती पाचही पुन्हा पडताळली. हा प्रबंध मी वाचला तेव्हा मी अजून नोकरीत होते. त्या रात्री मला झोप आली नाही. आपण इतकी वर्षं ज्याला अशक्य म्हणत होतो ते कोणीतरी करून मोकळं झालं होतं.

मग आपल्याकडे हे का करत नाहीत? पहिलं कारण पैसा. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात २०१२-१३च्या सुमारास स्त्रियांवर झालेल्या हल्ल्यांच्या मालिकेत पोलिसांच्या हाती दोन जुळे भाऊ लागले. तेव्हा अशा चाचणीला दहा लाख युरोपर्यंत खर्च येईल असं तपास करणाऱ्यांना सांगण्यात आलं होतं. त्यानंतर वाचनाचा खर्च पुष्कळ उतरला आहे, पण ही चाचणी अजूनही रोजची नाही.

दुसरं कारण मला पैशापेक्षा मोठं वाटतं, ते म्हणजे नमुना. नेहमीच्या चाचणीला एक नॅनोग्रॅमच्या आसपास डीएनए पुरतो, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. सगळा डीएनए अनेकदा वाचायला त्याच्या शेकडो पट लागतो आणि तोही धडधाकट. आपल्याकडचा मुद्देमाल कसा येतो? मे महिन्यात वाळलेला डाग, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून राहिलेलं पोतं, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरलेला कपडा. त्यातून वीस जागांचं प्रोफाइल निघालं तरी आम्हाला हायसं वाटायचं.

तिसरी अडचण बारीक आहे, पण तीच घात करू शकते. बहुतेक एकरूप जुळी आईच्या पोटात एकाच वारेवर वाढतात. त्या वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि रक्त इकडून तिकडे जातं. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीही जाऊ शकतात. म्हणजे एकाच्या रक्तात जन्मभर दुसऱ्याच्या पेशी नांदत असण्याची शक्यता राहते. मग घटनास्थळी सापडलं वीर्य आणि भावांकडून घेतलं रक्त, असं केलं तर सगळा हिशेब फसेल. ज्या प्रकारचा डाग, त्याच प्रकारचा नमुना दोन्ही भावांकडून घ्यायला हवा. अटक झालेल्या आरोपीकडून असे नमुने घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ज्याच्यावर आरोपच नाही अशा भावाचं काय? इथे शास्त्र थांबतं आणि तुमचा अभ्यास सुरू होतो.

शेवटी न्यायालय. अमेरिकेत बॉस्टनमध्ये २००४मधल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपीला एकरूप जुळा भाऊ होता. सरकारी पक्षाने लाखाहून अधिक डॉलर खर्चून ही नवी चाचणी करून घेतली. २०१७मध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा स्वीकारायला नकार दिला, कारण या पद्धतीला वैज्ञानिक जगात अजून पुरेशी मान्यता मिळालेली नव्हती. पुढच्या वर्षी आरोपी दोषी ठरला. त्यात सहआरोपीची साक्ष महत्त्वाची ठरली. मला विचाराल तर न्यायाधीशांचं बरोबर होतं. दुसऱ्या प्रयोगशाळेने स्वतंत्रपणे तोच निकाल काढून दाखवल्याशिवाय माणसाचं आयुष्य त्यावर टांगू नये. आपल्याकडेही हा पुरावा कधीतरी येईल. तेव्हा न्यायालयाने हाच प्रश्न विचारावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : आम्हाला वर्गात शिकवलं, की डीएनएवरच्या मिथिलीकरणावरून जुळी ओळखता येतात आणि त्याला खर्चही कमी येतो. मग अक्षरं शोधत का बसायचं? – बी.एस्सी. न्यायसहायक विज्ञान, नागपूर

बरोबर शिकवलंय, पण अर्धं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. डीएनएच्या अक्षरांवर ठिकठिकाणी मिथिल नावाचे रासायनिक गट चिकटलेले असतात. अक्षर बदलत नाही, पण तो भाग वापरात राहणार की मिटलेला, हे त्यावरून बऱ्याच अंशी ठरतं. वय, आहार, तंबाखू, आजार यांनी ही चिकटण बदलत जाते. स्पेनमधल्या एका गटाने ८० जुळ्या व्यक्तींवरचा अभ्यास २००५मध्ये छापला. लहान वयात दोघांची चिकटण सारखी होती आणि वय वाढेल तसा फरक वाढत गेला होता. इंग्लंडमध्ये हडर्सफील्ड विद्यापीठात २०१५मध्ये याचा सोपा उपयोग करून पाहिला. डीएनएवर आधी एक रासायनिक प्रक्रिया केली, की मिथिल असलेले आणि नसलेले तुकडे वेगवेगळ्या तापमानाला उलगडतात. दोन भावांचे तुकडे तापवत गेलं की त्यांच्या आलेखांत फरक दिसतो. खर्च कमी, यंत्रही साधं. यात वाद नाही.

पण तुम्ही उद्या प्रयोगशाळेत बसणार आहात, म्हणून सांगते. त्या शास्त्रज्ञांनीच मर्यादा मांडल्या आहेत. जुळी वयाने लहान असतील, किंवा सारखंच जगलेली असतील, तर ही पद्धत साथ देईलच असं नाही. नमुनाही जास्त लागतो. माझा स्वतःचा आक्षेप आणखी वेगळा आहे. गुन्हा घडला २०१९मध्ये, आरोपी सापडला २०२५मध्ये. डागातली चिकटण २०१९ची, भावाच्या रक्तातली २०२५ची. मधल्या काळात एकाने तंबाखू सोडली, दुसऱ्याला मधुमेह झाला. मग आपण कोणाची तुलना कोणाशी करतोय? शिवाय रक्तातली चिकटण वेगळी आणि लाळेतली वेगळी. अक्षराची चूक मात्र सहा वर्षांनीही तीच असते. मिथिलीकरणाने तपासाला दिशा मिळेल, पण अहवालात नाव लिहायचं तर मी अक्षरच मागेन.

प्रश्न : आमच्या काळी अंगठ्याचा ठसा पुरायचा. जुळ्यांचे ठसेही सारखेच असतात का? – निवृत्त पोलीस हवालदार, नाशिक

नाही, हवालदार साहेब, सारखे नसतात. आणि तुमच्या पत्रातला अभिमान योग्यच आहे. कलकत्त्याला १८९७मध्ये बोटांच्या ठशांचं केंद्र सुरू झालं आणि त्याची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. डीएनए त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी आला. तरी जुळ्यांच्या बाबतीत आजही अंगठाच सरस आहे.

याचं कारण असं, की बोटांवरच्या रेषा केवळ डीएनएने ठरत नाहीत. गर्भ साधारण दहा-अकरा आठवड्यांचा असताना त्या उमटायला लागतात आणि पुढच्या दोनेक महिन्यांत पक्क्या होतात. त्या दिवसांत बोटाची गादी केवढी आहे, ते बोट पोटात कशाला टेकतंय, भोवतीच्या पाण्याचा दाब कसा आहे, अशा कितीतरी गोष्टी त्यात येतात. एकाच पोटात असूनही दोघांना जागा एकच मिळत नाही. म्हणून एकरूप जुळ्यांच्या बोटांचा ढोबळ प्रकार बहुतेकदा सारखा असतो, दोघांनाही शंख किंवा दोघांनाही चक्र. पण रेष कुठे फुटते, कुठे संपते, हे बारकावे वेगळे असतात आणि तज्ज्ञ ओळख पटवतो ती त्या बारकाव्यांवरूनच. डोळ्यांच्या बुबुळांचंही तसंच आहे.

तुम्ही खात्यातले, म्हणून माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते. घरफोडीचा गुन्हा होता. खिडकीच्या फुटलेल्या काचेवर रक्त होतं. आरोपीच्या रक्ताशी ते जुळलं आणि मी नेहमीचं वाक्य लिहून अहवाल दिला. साक्षीला गेले तेव्हा बचावाच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, ‘आरोपीला जुळा भाऊ आहे का, हे तुम्ही विचारलं होतं?’ मी म्हणाले, नाही. नमुन्यासोबत आलेल्या फॉर्मवर आरोपीला रक्त चढवलंय का हा रकाना होता. जुळ्या भावंडाचा नव्हता आणि मलाही तो सुचला नव्हता. वकिलांनी शाळा सोडल्याचे दोन दाखले पुढे ठेवले. आडनाव तेच, वडिलांचं नाव तेच, जन्मतारीखही तीच. आरोपी तोपर्यंत अकरा महिने तुरुंगात होता. मला कबूल करावं लागलं, की हा अहवाल त्याच्या भावालाही असाच लागू पडेल.

त्याच काचेवरून पंचनाम्याच्या वेळी एक ठसा उचलला होता. डीएनए जुळतोय म्हटल्यावर तो तपासायला कोणी पाठवलाच नव्हता, तो कागदांत तसाच राहिला होता. न्यायालयाच्या आदेशाने तो तज्ज्ञांकडे गेला. तो तुरुंगातल्या आरोपीचाच निघाला. म्हणजे माझा अहवाल शेवटी खरा ठरला. पण तो माझ्यामुळे खरा ठरला नव्हता. ठसा भावाचा निघाला असता तरी माझ्या कागदावरचं वाक्य तेच राहिलं असतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक केसमध्ये फोन करून विचारायला लागले, की आरोपीला जुळं भावंड आहे का? आणि असेल तर अहवालात स्पष्ट लिहायला लागले, ‘हे प्रोफाइल आरोपीचं किंवा त्याच्या एकरूप जुळ्या भावाचं असू शकतं, या चाचणीने दोघांत भेद करता येत नाही.’ एका अंमलदाराने अशा वाक्याने केस कमकुवत होते म्हणून तक्रारही केली होती. मी वाक्य बदललं नाही.

तेव्हा साहेब, तुमच्या नव्या सहकाऱ्यांना एवढं जरूर सांगा. जुळा भाऊ आहे असं कळलं, की डीएनए बाजूला ठेवून आधी ठसा शोधायचा. मोबाइल त्या वेळी कुठल्या टॉवरखाली होता, कॅमेऱ्यात चालण्याची ढब कशी दिसते, एकाच्या हाताला काच लागल्याची जखम आहे का, एक जण त्या रात्री पाळीवर कामाला होता का, ते बघायचं. आणि प्रयोगशाळेला आधीच कळवायचं, म्हणजे सगळा नमुना नेहमीच्या चाचणीत संपवून न टाकता निम्मा राखून ठेवता येतो. पुढे कधी अख्खा डीएनए वाचायची वेळ आली तर हातात काही उरलेलं असेल.

प्रश्न : आम्ही दोघी एकरूप जुळ्या बहिणी. आमच्या मुलांचं डीएनएने नातं काय ठरेल? आणि मालमत्तेच्या वाटणीत, जुळ्या भावांमध्ये मूल कोणाचं असा वाद झाला तर? – ठाणे

तुमची मुलं एकमेकांची मावसभावंडं. पण डीएनएच्या हिशेबाने ती सावत्र भावंडांइतकी जवळची आहेत, जणू आई एक आणि वडील दोन. माझ्या मावश्यांची मुलं एका चुलीवर वाढली आणि त्यांनी ‘मावस’ हा शब्द कधी वापरलेला मला आठवत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढं सरळ नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यात असा वाद खरोखर न्यायालयात गेला होता. दोन्ही जुळ्या भावांची चाचणी केली आणि दोघंही ९९.९ टक्क्यांहून अधिक खात्रीने बाप ठरले. नेहमीच्या चाचणीला याहून पुढे जाता येत नाही. जर्मनीतल्या त्या पाच अक्षरांचा खरा उपयोग इथेच आहे. मूल समोर असतं, दोन्ही भाऊ समोर असतात आणि नमुना ताजा मिळतो. रक्ताचा जुना डाग खरवडत बसावं लागत नाही. म्हणून ही चाचणी गुन्ह्याच्या तपासाआधी पितृत्वाच्या दाव्यांत रुळेल असं मला वाटतं.

आपल्या कायद्यात मात्र विवाह चालू असताना झालेलं मूल त्या पतीचंच मानलं जातं. पूर्वी ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम ११२मध्ये होती, आता ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६मध्ये आहे. गर्भ राहिला त्या काळात पती-पत्नींचा एकमेकांशी संबंध येणंच शक्य नव्हतं असं सिद्ध झालं, तरच ते बदलतं. त्यामुळे तुम्ही पत्रात ज्या वाटणीबद्दल लिहिलं आहे तिच्यासाठी प्रयोगशाळेकडे येऊ नका. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि त्या काळातले राहत्या पत्त्याचे कागद घेऊन आधी वकिलांना भेटा.